सेरेसोलेची सहावी पाळी: झुंज आणि धीर यांच्या नियमांचं एक प्रकरण

१५४४ ची सेरेसोलेची लढाई आम्ही घरच्या टेबलावर फासे आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन खेळत होतो. सहावी पाळी सुरू झाली तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. टेबलाच्या मधोमध काकांचे लान्ट्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भालाईत, आणि माझे गॅस्कन, म्हणजे फ्रेंच बाजूचं पायदळ, समोरासमोर आले. मी सहा फासे टाकले, तीन फटके बसले, आणि काकांच्या पुढच्या रांगेतल्या तीन पट्ट्या उचलायला हात पुढे केला. काकांनी माझं मनगट धरलं.

"थांब. माझ्या पहिल्या रांगेमागंही बंदूकवाले आहेत. ते झाडणार."

"काका, तुमची रांग पडली. मेलेली माणसं बंदूक कशी झाडतील?"

"पडली कधी? फासे तू आधी उचललेस म्हणून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम मीच लिहिले होते, आणि गॅस्कनही माझेच होते. पंच नव्हता. ही लाज वेगळी.

पुढच्या दोन तासांत त्याच पाळीत आणखी दोन भांडणं झाली. तिन्ही मिळून हे प्रकरण. लिहून ठेवतोय, कारण त्या रात्री आम्हाला वाटलं होतं की नियमांतले शब्द धूसर आहेत. आठवडाभर डोकं लावल्यावर कळलं की शब्द बरेच ठीक होते. चौदावा नियम बरोबर होता, सतरावाही बरोबर होता, पण एकाच क्षणी दोघेही लागू झाले तर आधी कोण, हे आठ पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आधी पट समजून घ्या. सेरेसोले हे पिएमोंतेतलं, तुरीनच्या दक्षिणेकडचं गाव. १५४४ च्या एप्रिलमध्ये तिथं फ्रान्सच्या राजाची आणि सम्राट पाचव्या चार्ल्सची फौज भिडली. फ्रेंच सेनापती आंगियाँचा काउंट फ्रान्स्वा, वय अवघं २४. त्याने कारिन्यानोला वेढा घातला होता, आणि तो उठवायला सम्राटाचा सेनापती आल्फोन्सो दाव्हालोस, म्हणजे वास्तोचा मार्किस, निघाला होता. लढाई करू द्या म्हणून परवानगी मागायला आंगियाँने ब्लेझ द मोंलुक नावाच्या गॅस्कन कप्तानाला थेट राजाकडे पाठवलं. या मोंलुकने म्हातारपणी आपल्या आठवणी सांगून ठेवल्या. सेरेसोलेच्या मधल्या झुंजीबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंच त्याच्या तोंडचं आहे. गडी स्वतःचं कौतुक करण्यात कमी नाही, ते वजा करूनच वाचावं लागतं.

मैदानाच्या मधून एक उंचवटा जातो. त्यामुळे एका बाजूच्या माणसाला दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते दिसत नाही. हा उंचवटा लक्षात ठेवा, तिसरं भांडण त्याच्यावरूनच झालं. फ्रेंचांच्या उजव्या हाताला गॅस्कन, मध्ये स्विस, डावीकडे ग्रुयेरचे भाडोत्री आणि इटालियन, आणि आंगियाँ स्वतः भारी घोडदळ घेऊन त्याच डाव्या बाजूला. समोर मध्यात सुमारे ७००० लान्ट्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री भालाईत. त्यांच्या उजवीकडे रामोन द कार्दोनाचे सुमारे ५००० मुरलेले स्पॅनिश आणि जर्मन शिपाई, आणि डावीकडे सालेर्नोच्या प्रिन्सचे ६००० च्या आसपास इटालियन.

आमच्या टेबलावर हा उंचवटा म्हणजे हिरव्या पलंगपोसाखाली सरकवलेली चादरीची गुंडाळी. तुकड्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलेल्या पट्ट्यांच्या. फासे सापशिडीतले. काका, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी, लान्ट्सक्नेख्ट घेऊन बसले होते. त्यांच्या बाजूने मित्राचा कॉलेजात जाणारा मुलगा कार्दोना खेळत होता. माझ्या बाजूने तो मित्र आंगियाँ झाला होता. बापलेक विरुद्ध बाजूंना, त्यामुळे आवाज चढायला वेळ लागला नाही.

एक शब्दाची गंमत आधीच सांगून टाकतो. पंधरा-सोळा फुटी भाल्याला युरोपात पाइक म्हणतात, आणि आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई, सेवक. पहिल्या मसुद्यात मी 'पाइक पडले' असं लिहिलं होतं. काका विचारत होते की माणसं पडली की काठ्या. तेव्हापासून शस्त्राला 'लांब भाला' आणि माणसाला 'भालाईत'.

आता नियम, त्या रात्री होते तसे. प्रत्येक मोठ्या तुकडीला १२ पट्ट्या. सहा पुढे, सहा मागे. पुढच्या प्रत्येक पट्टीमागे एक फासा. पाच किंवा सहा पडले की फटका, आणि फटक्याला एक पट्टी उचलायची. मागच्या पट्ट्या पाळीच्या शेवटी पुढे सरकायच्या. चौदावा नियम: भिडण्यापूर्वी बंदुका असलेल्या तुकडीला एकदा गोळीबार करता येतो, आणि ज्या तुकडीला फटका बसेल तिने धीराची चाचणी द्यावी. सतरावा: झुंजीत हरलेल्या तुकडीने चाचणी द्यावी. अठरावा: बगलेवर घाला पडलेल्या तुकडीने चाचणी द्यावी. एकविसावा: शेजारची मित्रतुकडी मोडताना दिसल्यास चाचणी द्यावी. चाचणी म्हणजे दोन फासे. बेरीज सहा किंवा जास्त तर तुकडी उभी, पाच-चार तर 'कचरली' म्हणजे एक वीत मागे, तीन-दोन तर 'मोडली' म्हणजे पळत सुटली.

वाचायला सगळं सोपं आहे. चार महिने आम्ही यावर खेळलो, कुणी तक्रार केली नाही. याचं कारण एवढंच की तोवर बंदूकवाले एका बाजूला आणि भालाईत दुसऱ्या बाजूला असत. गोळी झाडणारा एकच, त्यामुळे 'आधी कोण' हा प्रश्नच नव्हता. सेरेसोलेत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनी एकच डोकं चालवलं, आणि टेबलावर भांडण झालं तेही नेमकं तिथंच. खऱ्या लढाईतही तसंच होतं. मोंलुक सांगतो की त्याने पहिल्या भालाईतांच्या रांगेमागे बंदूकवाल्यांची रांग लपवली आणि ताकीद दिली की भाल्याला भाला लागेपर्यंत झाडायचं नाही. आपण मोठी युक्ती काढली अशा आनंदात तो पुढे गेला, तर जर्मनांनीही तेच करून ठेवलेलं. बार उडाले आणि दोन्हीकडची पहिली रांग जवळजवळ अख्खी कोसळली.

त्या रात्री छापा-काटा केला. काका हरले. त्यांच्या पुढच्या रांगेत तीन पट्ट्या उरल्या, तीन फाशांत एक फटका बसला. झुंजीत माझ्याकडे पाच फासे, त्यांच्याकडे तीन. ते हरले, यात नवल नाही. मग मित्राने बूतिएर या फ्रेंच सरदाराच्या घोडेस्वारांची पट्टी काकांच्या बगलेवर आणून ठोकली. इथं दुसरं भांडण.

मुलगा नियमाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, "दादा, चौदा, सतरा, अठरा. तिन्हींत 'चाचणी द्यावी' आहे. म्हणजे तीन चाचण्या." त्याचा स्वतःचाच पक्ष यात मरत होता, पण पोरगं प्रामाणिक. काकांनी टाकले: आठ, पाच, चार. म्हणजे एकदा उभी, मग कचरली, मग परत कचरली. "दोनदा कचरली म्हणजे मोडली का?" मित्राने विचारलं. मी कागद उलटा करून पाहिला. मागं किराणाची यादी होती.

तिसरं भांडण तोवर डावीकडे शिजत होतं. ग्रुयेरवाले मोडले होते. मुलाचं म्हणणं, शेजारचे स्विस आता चाचणी देणार. मित्राचं म्हणणं, मध्ये उंचवटा आहे, स्विसांना काही दिसलेलंच नाही. काका म्हणाले, दिसायलाच कशाला हवं, पानिपतावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, लोकांना हौदा रिकामा दिसला आणि फौजेनं हाय खाल्ली असं सांगतात ना? मित्र म्हणाला, काका, तुम्ही माझीच बाजू मांडताय, हौदा *दिसला* म्हणून हाय खाल्ली. साडेनऊला आतून जेवणाची तिसरी हाक आली आणि पट तसाच झाकून ठेवला.

आठवड्यात मी दोन कामं केली. एक, फाशांचं गणित. दुसरं, नियम काय विचारतोय ते शोधणं.

पहिल्या भांडणाचं गणित सरळ आहे. सहा फाशांत, पाच-सहाला फटका, म्हणजे सरासरी दोन फटके. जो आधी टाकतो त्याला पूर्ण सहा फासे, दुसऱ्याला सरासरी चार. त्या चारांत सरासरी फटके सव्वाच्या थोडे वर. इथवर फार फरक नाही. पण मागच्या पट्ट्या पाळीच्या शेवटीच पुढे सरकायच्या असल्याने ती तूट तशीच झुंजीत जाते, तिथं पुन्हा फासे कमी, आणि मग हरलेल्याची चाचणी. म्हणजे आधी फासे कुणी उचलले एवढ्यावरून तीन पायऱ्या खाली घसरण. काकांचा राग रास्त होता.

आणि चौदाव्या नियमात एक चोरवाट होती, ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. भिडण्याच्या क्षणीच्या गोळीबारानंतर चाचणी द्यायची आणि ती हुकली तर एक वीत मागे जायचं, म्हणजे झुंज होणारच नाही. हुकण्याची शक्यता ३६ पैकी १०, सुमारे २८ टक्के. दर चार चढायांतली एक तरी भाल्याच्या टोकाशी येऊन विरघळणार. आता विचार करा: माणसांची ती दाट गर्दी, पुढचा पडला तर मागच्याला थांबायला जागा कुठंय? मागच्याच्या पाठीशी तिसरा, तिसऱ्याच्या पाठीशी चौथा. मोंलुकच्या वर्णनातही हेच आहे: पहिली रांग पडली आणि मागच्या रांगांनी पुढच्यांना ढकलत एकमेकांवर घातलं. तिथं कुणी कच खाऊन मागे वळत नाही, वळताच येत नाही. कच खायची ती वाटेत, किंवा मग झुंज हरल्यावर.

वाटेतल्या गोळीबाराचं वेगळं. २७ एप्रिल १५२२ ला मिलानजवळ बिकोका इथं स्विस भालाईत तोफांच्या माऱ्यातून उघड्या शेतातून चालत गेले. खंदकासारख्या खोल रस्त्यापर्यंत पोचेतो त्यांची हजाराच्या आसपास माणसं पडली होती, तरी ते चालत राहिले. दुसरी एखादी तुकडी चालली नसती. म्हणजे तिथं चाचणी अर्थपूर्ण आहे, तिचा निकाल काहीही लागू शकतो. भाल्याच्या अंतरावर मात्र चाचणीला अर्थच नाही. एकाच शब्दाखाली, 'गोळीबार', मी दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या होत्या.

दुसऱ्या भांडणाचं गणित जास्त रंजक निघालं. मी ते एका वहीत दोन संध्याकाळी बसून केलं आणि दोनदा चुकलो. तीन वेगवेगळ्या चाचण्या, प्रत्येकीत सहा किंवा जास्त हवेत. एका चाचणीत टिकण्याची शक्यता ३६ पैकी २६. तिन्हींत टिकण्याची सुमारे ३८ टक्के. आता पहिल्या अपयशालाच थांबायचं ठरवलं, तर तुकडी मोडण्याची शक्यता जवळपास १९ टक्के. पण थांबायचं नाही आणि दोनदा कचरली की मोडली असं मानलं, तर तीच शक्यता ३२ टक्क्यांवर जाते. नियमात न लिहिलेल्या एका वाक्यावर तेरा टक्के. एवढ्या फरकावर कुणीही दोन तास भांडेल.

मला तिसराच मार्ग बरा वाटला: चाचणी एकच, पण कारणं साठवायची. पहिल्या कारणाला काही वजा नाही, पुढच्या प्रत्येक कारणाला एक वजा. तीन कारणं असतील तर बेरजेतून दोन वजा, म्हणजे फाशांवर आठ हवेत. टिकण्याची शक्यता ४२ टक्के, तीन चाचण्यांपेक्षा थोडी बरी. पण मोडण्याची २८ टक्के. मधली, नुसती कचरण्याची, ३१ वर येते. पहिल्या पद्धतीत ती ४४ होती. याचा अर्थ काय? तीन चाचण्यांत तुकडी हळूहळू मागे सरकते, एक वीत, एक वीत. एका चाचणीत ती एकतर उभी राहते, नाहीतर एकदम फुटते. दाट भालाईतांची तुकडी फुटते ती अशीच. रांगा शाबूत आहेत तोवर भिंत, आणि बगल उघडी पडली की पळता भुई थोडी. सेरेसोलेत गॅस्कन समोरून, स्विस बाजूने आणि बूतिएरचे स्वार बगलेवर, असं एकदम आलं तेव्हा लान्ट्सक्नेख्ट सावकाश मागे हटले नाहीत, चुराडा झाला. स्विसांनी कैदी घेण्याची तसदीही घेतली नाही. एकूण ७००० पैकी सुमारे ५००० गेले असं मानतात.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. इतिहासात तसं झालं म्हणून नियम तसा, हा युक्तिवाद मला स्वतःला फारसा पटत नाही. एका लढाईवरून नियम बेतला तर तो त्याच लढाईचं नाटक होतो. मी एकच चाचणी निवडली त्यामागं एक साधं कारणही होतं: साडेनऊला जेवायला जायचं असतं, आणि तीन चाचण्यांना वेळ लागतो.

या धंद्याची सुरुवात जिथून झाली तिथंही हाच तिढा होता. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइस्वित्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम दिले. फासे, हानीचे तक्ते, आणि सगळ्यावर एक पंच. पुढं नियम इतके वाढले की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सरळ म्हटलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने ठरवावं. आमच्याकडे अनुभवी पंच नाही. जो आहे तो गॅस्कन खेळत होता. त्यामुळे लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तिसऱ्या भांडणावर, म्हणजे 'दिसण्या'वर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बाकी दोन्हींत चूक माझ्या आळशीपणाची होती. इथं प्रश्नच अवघड होता.

सेरेसोलेत घडलं ते असं. उंचवट्याच्या डाव्या अंगाला ग्रुयेरवाले आणि इटालियन मोडून पळाले. आंगियाँने आपलं भारी घोडदळ कार्दोनाच्या मुरलेल्या पायदळात पुन्हा पुन्हा घुसवलं. घोडे आरपार गेले, पण पायदळ फुटलं नाही आणि त्याची माणसं मात्र धडाधड पडली. उंचवट्यापलीकडे आपलं मधलं सैन्य जिंकतंय हे त्याला दिसतच नव्हतं. लढाई हरली असं समजून तो पार खचला होता, जीव द्यायच्या विचारात होता असं मोंलुक सांगतो. मग निरोप आला. आणि तिकडे कार्दोनाचे शिपाई, जे त्यांच्या बाजूला चक्क जिंकत होते, त्यांनाही मध्यात काय झालं ते कळलं आणि ते मागे फिरले. पुढे गाठले गेले आणि बरेच शरण आले. (आंगियाँचं पुढं काय झालं? दोन वर्षांत मेला, तोही रणांगणावर नाही, बर्फाचे गोळे फेकून खेळताना झालेल्या अपघातात.)

म्हणजे एकाच मैदानावर, एकाच तासात, दोन्ही गोष्टी. आपली डावी बाजू मोडली हे दिसलं नाही म्हणून स्विस खुशाल लढत राहिले. आणि दिसलं नाही तरी *कळलं* म्हणून जिंकणारे स्पॅनिश फिरले. मित्रही बरोबर, काकाही. माझ्या नियमात एकच क्रियापद होतं, 'दिसल्यास', आणि लागत होती दोन.

मग मी नजर आणि बातमी वेगळी केली. मध्ये उंचवटा, गाव किंवा दाट झाडी नसेल आणि अंतर दोन वितींच्या आत असेल तर नजर: चाचणीचं कारण याच पाळीत. नाहीतर बातमी: पुढच्या पाळीच्या सुरुवातीला, आणि तीही फक्त ज्या बाजूचा मध्य मोडला तिच्यासाठी.

शनिवारी रात्री लिहिलेला मसुदा असा झाला:

"गोळीबार दोन प्रकारचा. वाटेतला गोळीबार: फटका बसल्यास लक्ष्य झालेली तुकडी त्याच वेळी चाचणी देते. टोकाचा गोळीबार, म्हणजे भिडताना: दोन्ही बाजू फासे टाकतात, पट्ट्या दोघांच्या फाशांनंतर एकदम उचलतात, चाचणी नाही. मागच्या पट्ट्या झुंजीआधी पुढे सरकतात.

धीराची चाचणी पाळीत एकदाच, सगळ्या झुंजी संपल्यावर. अपवाद फक्त वाटेतला गोळीबार. कारणं मोजा: टोकाच्या गोळीबारात तीन किंवा जास्त फटके, झुंजीत हार, बगलेवर घाला, नजरेतली मित्रतुकडी मोडणं. पहिल्या कारणाला वजा नाही, पुढच्या प्रत्येकाला एक. आधीच कचरलेली तुकडी पुन्हा हुकली तर मोडली.

सगळ्या चाचण्या एकाच वेळी घडल्या असं समजावं. या पाळीत मोडलेली तुकडी याच पाळीत दुसरीला कारण होत नाही. तिचं कारण पुढच्या पाळीत."

शेवटचं वाक्य मुलाने सुचवलं. त्याच्याशिवाय एक तुकडी मोडली की शेजारची, मग तिच्या शेजारची, अशी पत्त्यांच्या बंगल्यासारखी अख्खी बाजू एका पाळीत झोपली असती. आणि कुठल्या टोकाकडून मोजायला लागलो यावर निकाल बदलला असता. पण हे वाक्य आणि वरचं 'नजर: याच पाळीत' एकमेकांना छेदतात, हे रविवारी सकाळी काकांनी चहा पिता पिता दाखवलं. क्रम ठरवायला बसलो होतो आणि क्रमातच अडकलो. 'याच पाळीत' खोडून 'पुढच्या पाळीच्या चाचणीत' केलं, आणि बातमी आणखी एक पाळी पुढे ढकलली.

मग सहावी पाळी जशीच्या तशी पुन्हा मांडली. मोबाइलवर फोटो होता, त्यामुळे पट्ट्यांच्या जागांवरून वाद झाला नाही. मी सहा फासे टाकले, काकांनी सहा. माझे दोन फटके, त्यांचे तीन. पाच पट्ट्या एकदम उचलल्या आणि टेबलाचा मध्य क्षणभर उघडा पडला. मग मागच्या पुढे सरकल्या. हे दृश्य पाहताना मला पहिल्यांदा वाटलं की हा नियम जमला. झुंज मी जिंकलो. मित्राने बूतिएरचे स्वार आणले. काकांची चाचणी: झुंजीत हार आणि बगलेवर घाला, दोन कारणं, एक वजा, सात हवेत.

काकांनी नऊ टाकले. लान्ट्सक्नेख्ट उभे राहिले.

काका उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले ते गुणगुणतच. इतिहास त्यांच्या बाजूचा नव्हता, फासे होते. मित्र म्हणाला, नियम बदल. मी नाही म्हटलं. सातच्या चाचणीत टिकण्याची शक्यता ५८ टक्के असते, आणि ती तशीच असायला हवी. पुढच्या पाळीत स्विस येऊन आदळले तेव्हा तीन कारणं जमली, आठ हवे होते, पाच पडले. वजा दोन म्हणजे तीन, मोडली. दीड पाळीचा उशीर, पण शेवट तोच.

बातमीचा नियम मात्र चालला नाही. कागदावर चांगला दिसतो, टेबलावर कुणाला आठवत नाही. कुठली बातमी कुठल्या पाळीत पोचायची याच्या चिठ्ठ्या ठेवून पाहिल्या, त्या पलंगपोसाखाली गेल्या. दुसऱ्या खेळात तो छाटला आणि एवढंच ठेवलं: मध्य मोडला की त्या बाजूच्या प्रत्येक तुकडीला पुढच्या पाळीत एक कारण, उंचवटा असो वा नसो. कार्दोनाचे शिपाई त्याने मागे फिरतात. आंगियाँचा जीव जाता जाता वाचणं त्यात येत नाही. मला याची हळहळ आहे, पण टेबलावर सेनापती म्हणजे मित्रच असतो आणि त्याला सगळा पट दिसतो. त्याच्या डोळ्यांवर पट्टी कशी बांधणार? एकदा मी मध्ये वर्तमानपत्र उभं धरायचं सुचवलं. सगळे हसले.

आणि एक गोष्ट अजून तशीच आहे. खऱ्या सेरेसोलेत सालेर्नोच्या प्रिन्सचे ते हजारो इटालियन दिवसभर जागचे हलले नाहीत, हुकूमच आला नाही म्हणून, आणि शेवटी जवळजवळ शाबूत परत गेले. आमच्या नियमांत काका त्यांना पहिल्याच पाळीत उचलून माझ्या गॅस्कनांच्या बगलेवर आणतात. दर वेळी. परवा मी म्हटलं, काका, हुकूम आला नाही तर ते हलू नयेत असा काहीतरी नियम करू या. काकांनी इटालियनांची पट्टी बोटाने थोडी पुढे सरकवली आणि म्हणाले, "कर की. पण हुकूम आला की नाही हे ठरवायला फासा कोण टाकणार, तू का मी?"